मंडईच्या रात्री आणि मनाचे दुखणे : चंद्रपूर-गडचिरोलीतील लोककला-हंगाम व मानसिक आरोग्यविषयक संवाद यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई, दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके यांचा दीर्घ हंगाम असतो. मानसिक आरोग्याविषयी समाजात मोकळा संवाद व्हावा, यासाठी कलामहोत्सवांचा उपयोग करण्याची कल्पना अलीकडे जगभर चर्चेत आहे. झाडीपट्टीत असा महोत्सव नव्याने निर्माण करण्याची आवश्यकता नाही, कारण तो लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या चालविला आहे. मात्र कलेमुळे दुखण्याला वाचा फुटली तरी ते ऐकणारी व्यवस्था जवळ असल्याखेरीज संवाद टिकत नाही, असे या प्रदेशाच्या गेल्या ऐंशी वर्षांच्या इतिहासावरून दिसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन, गडचिरोलीतील स्त्री-आरोग्य व दारूमुक्तीची चळवळ, चंद्रपूरची दारूबंदी आणि आनंदवनातील कलाप्रयोग यांच्या आधारे हे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

बीजसंज्ञा : झाडीपट्टी, मंडई, दंडार, दारूमुक्ती, मानसिक आरोग्य, लोकसंवाद.

प्रस्तावना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी असे संबोधले जाते. या प्रदेशाची बोली, तलाव, शेती आणि रंगभूमी यांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आहे. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकांनी ही बोली व तिच्यातील लोककला यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला, तेव्हा या रंगभूमीचे नाव देशभर पोहोचले. तथापि झाडीपट्टी रंगभूमीविषयीचे बरेचसे लेखन तिच्या कलात्मक व व्यावसायिक अंगांभोवती फिरते. हजारो माणसे थंडीच्या रात्री एकत्र बसून दुसऱ्यांच्या घरातील दुःख पाहतात, रडतात आणि पहाटे घरी परततात. या घटनेचा मानसिक आरोग्याच्या दृष्टीने फारसा विचार झालेला नाही.

हा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील असून राज्यांमध्ये हा आकडा सर्वाधिक होता. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. वर्गात आपल्यासमोर बसणाऱ्या मुलामुलींच्या वयोगटाशी निगडित असल्याने हा प्रश्न केवळ आरोग्य खात्याचा राहत नाही. तो अध्यापकांचाही ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) चंद्रपूर-गडचिरोलीतील लोककला-हंगामाचे सामाजिक स्वरूप मानसिक आरोग्याच्या संदर्भात तपासणे.
२) या प्रदेशात कलेच्या आधारे अवघड विषयांवर लोकसंवाद घडल्याची पूर्वोदाहरणे शोधणे व त्यांच्या यशापयशाची कारणमीमांसा करणे.
३) या परंपरेतील दोष व मर्यादा नोंदविणे.
४) महाविद्यालये व आरोग्ययंत्रणा यांना उपयुक्त ठरतील अशा सूचना करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित अहवाल, कायदे, संस्थांच्या कार्याची उपलब्ध माहिती आणि रंगभूमीविषयीचे लेखन यांचा आधार घेतला आहे. कोणत्याही रुग्णाची वा कुटुंबाची माहिती येथे वापरलेली नाही. अभ्यासाचे क्षेत्र मुख्यतः ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा व चामोर्शी या मराठी-झाडीबोली भाषक तालुक्यांपुरते आहे. दक्षिणेकडील व पूर्वेकडील माडिया-गोंडी व तेलुगू भाषक भागाचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

१. दुखण्याची भाषा आणि दवाखान्याचे अंतर

मनाच्या आजारासाठी आधुनिक वैद्यकाने दिलेली नावे या प्रदेशात उशिरा आली. त्याआधी व आजही अनेक गावांत या दुखण्याला बाहेरची बाधा, करणी, भानामती, अंगात येणे किंवा डोके फिरणे अशी नावे आहेत. नावे ठरली की उपाय ठरतो. बाधा असेल तर पुजारी, करणी असेल तर ती करणाऱ्याचा शोध, असा हा क्रम होता. या शोधाचे परिणाम कधीकधी भीषण झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना बांधून मारहाण करण्यात आली. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून लागू असतानाही असे घडले. दुःखाला नाव देण्याची दुसरी भाषा समाजाच्या हाती नसेल तर केवळ कायद्याने जुनी भाषा बदलत नाही, हे यावरून दिसते.

दुसरीकडे, उपचाराची जागा फार दूर होती. मध्य प्रांताच्या निर्मितीनंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १८६४ मध्ये नागपूर येथे मनोरुग्णालय स्थापन झाले. जुना चांदा जिल्हा थेट सिरोंच्यापर्यंत पसरलेला होता. चांद्याहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आणि सिरोंच्याहून त्याच्या दुपटीहून अधिक. १९१२ च्या कायद्याने वेडेपणा हा प्रामुख्याने दंडाधिकारी, पोलीस आणि कोठडी यांच्या कक्षेतील विषय ठरविला होता. परिणामी ‘नागपूरला नेले’ या साध्या शब्दांनाही कलंकाचा वास येत राहिला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला आणि १९९६ पासून त्याला जिल्हा कार्यक्रमाचे रूप देण्यास प्रारंभ झाला. १९८७ च्या व नंतर २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या हक्कांची भाषा आणली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, ही २०१७ च्या कायद्यातील तरतूद तर मूलगामी आहे.

असे असूनही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत शेजारचे छत्तीसगड व मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र मात्र नव्हता. उपचार न घेण्यामागे अंतर व दारिद्र्य यांच्या जोडीला न बोलणे हेही एक मोठे कारण असते. म्हणून या जिल्ह्यांत माणसे कोठे व केव्हा बोलतात, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही विचारावा लागतो.

२. मंडई : बोलण्याचा ऋतू

झाडीपट्टीचे सांस्कृतिक पंचांग धानाशी बांधलेले आहे. धान घरात आले की हातात थोडा पैसा आणि थोडी उसंत येते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार, दंडार, खडी गंमत आणि जेथे प्रथा आहे तेथे शंकरपट, तर रात्री नाटक. हा हंगाम साधारण होळीपर्यंत चालतो. पीक बुडालेल्या वर्षी हंगामही रोडावतो. गावाचे अर्थकारण आणि गावाचे मन यांचा आलेख एकाच वेळी खाली येतो, असे म्हणता येईल.

दंडार व खडी गंमत हे या परंपरेचे जुने प्रवाह. पुरुष कलावंतच स्त्रीभूमिका करीत. शाहीर व त्याचे साथीदार उभ्याने सादरीकरण करीत, म्हणून ‘खडी’ गंमत. पुढे गावातील हौशी मंडळींची नाटके आली. त्यांतून गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज हे व्यावसायिक नाट्यमंडळांचे केंद्र बनले. गावातील मंडळ कंपनीशी करार करते, मंडप उभारते, तिकिटे विकते आणि नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. ऑर्गन, तबला, गाणी, विनोद आणि अश्रू यांचे प्रमाण प्रेक्षकांच्या अपेक्षेनुसार ठरलेले असते.

मानसिक आरोग्याच्या दृष्टीने या हंगामाची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची वाटतात. पहिले म्हणजे माहेरपण. भाऊबीज व मंडईच्या निमित्ताने लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि सोयरिकीच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात. सासरी जे बोलता आले नाही ते बोलण्याची ही वर्षातील हक्काची वेळ असते. दुसरे, नाटकांचे विषय प्रायः घरातलेच असतात. भावाभावांचे वैर, सुनेचा छळ, बापाचे व्यसन, कर्ज, फसवणूक अशा कथा पाहताना प्रेक्षक आपल्या घराचे नाव न घेता आपल्या घराविषयी बोलू शकतो. तिसरे, प्रेक्षागृहात सर्व वयांची व थरांची माणसे एकत्र असतात. आजी, सून आणि शाळकरी नातू यांनी एकच प्रसंग एकाच वेळी पाहिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गप्पांना सामाईक आधार मिळतो. हंगामाच्या दिवसांत महाविद्यालयातील सकाळच्या तासिका ओस पडतात, हा या भागातील प्राध्यापकांचा नेहमीचा अनुभव आहे. आपण त्याकडे केवळ गैरहजेरी म्हणून पाहतो. परंतु आलेले विद्यार्थी रात्रीच्या नाटकाविषयी ज्या पोटतिडकीने बोलतात तशी ती क्रमिक पुस्तकाविषयी क्वचितच बोलतात, हेही तितकेच खरे.

३. पूर्वोदाहरणे : खंजिरीपासून जत्रेपर्यंत

कलेच्या आधारे अवघड विषय लोकांपुढे आणण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांचा चिमूर परिसराशी घनिष्ठ संबंध होता. त्यांच्या खंजिरी भजनाने प्रभावित झालेल्या लोकांनी १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला आणि त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. राजकीय इतिहासात या घटनेला योग्य स्थान मिळाले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय बाब म्हणजे महाराजांच्या भजनामागे सामुदायिक प्रार्थनेची नित्य बैठक होती. गावात भजन झाले आणि महाराज पुढच्या गावी गेले, तरी गुरुदेव सेवा मंडळाचे स्थानिक कार्यकर्ते मागे राहत. व्यसन, भांडण, अंधश्रद्धा यांविषयी भजनात ऐकलेले दुसऱ्या दिवशी कोणाजवळ तरी बोलता येत असे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे कार्य येथे आरंभिले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा स्त्रीरोगविषयक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले, तर पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधील दरी हीच मौनाची दरी होय. हे निष्कर्ष परदेशी नियतकालिकापुरते न ठेवता जत्रेच्या स्वरूपातील फिरत्या कार्यक्रमांतून गावांपुढे मांडण्यात आले. ज्या विषयावर नवऱ्यासमोरही बोलता येत नसे तो विषय जत्रेच्या मोकळ्या वातावरणात बोलण्याजोगा झाला. डॉ. राणी बंग यांनी ग्रामीण स्त्रियांच्या अनुभवांवरील आपल्या पुस्तकाला ‘कानोसा’ हे नाव दिले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. बोलते करण्याआधी कानोसा घ्यावा लागतो.

या संवादातून स्त्रियांनी आपले दुखणे सांगितले तेव्हा ते शरीरापुरते राहिले नाही. घरातील दारू, मारहाण, भीती आणि झोप न येणे हे सगळे बाहेर आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दारूमुक्ती चळवळीत गावसभा, पदयात्रा, गाणी आणि पथनाट्ये यांचा मुक्त वापर झाला. अखेर १९९३ मध्ये शासनाने गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. ‘नैराश्य’ हा शब्द न उच्चारता हजारो स्त्रियांनी आपल्या मानसिक यातनेचे कारण जाहीरपणे सांगितले, हे या चळवळीचे एक दुर्लक्षित अंग आहे.

संस्थेच्या रुग्णालयाची रचनाही याच कानोशातून झाली. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असे आदिवासी बांधवांनी सांगितल्यावर रुग्णालय खेड्यासारखे बांधण्यात आले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. जत्रा आणि दवाखाना ही दोन टोके येथे एका धाग्याने जोडली गेली. जत्रेत ज्याला बोलावेसे वाटले त्याला पुढे जाण्यासाठी ओळखीची जागा होती.

४. चंद्रपूरचा धडा

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याची कथा वेगळी आहे. येथे श्रमिक एल्गार संघटनेच्या ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली दारूबंदीची चळवळ उभी राहिली. डिसेंबर २०१० मध्ये स्त्रियांनी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. चिमूरची निवड करताना १९४२ ची स्मृती जागविली गेली, हे उघड आहे. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला.

बंदी योग्य की अयोग्य, हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. परंतु या सहा वर्षांतील सार्वजनिक चर्चेचे स्वरूप पाहिले तर ती मुख्यतः अवैध विक्री, पोलीस कारवाई, महसूल आणि रोजगार यांभोवती फिरत राहिली. चळवळीच्या आरंभी स्त्रियांनी जे सांगितले होते ते हळूहळू मागे पडले. पिणाऱ्या पुरुषाच्या मनाचा विचार तर कोणत्याच बाजूने फारसा झाला नाही. तो का पितो, सुटताना त्याला कोणता त्रास होतो आणि दारू सुटल्यावर उरलेल्या पोकळीचे तो काय करतो, हे प्रश्न व्यासपीठावर आलेच नाहीत. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात जनजागृती, गावसंघटन व अंमलबजावणी यांच्या जोडीला उपचाराचा समावेश करण्यात आला. पिणारा हा दोषी असण्याबरोबरच रुग्णही असू शकतो, ही दृष्टी त्यामागे आहे. दोन्ही जिल्ह्यांतील हा भेद अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. कला आणि आंदोलन यांमुळे विषयाला तोंड फुटते, पण पुढील चर्चा कोणत्या भाषेत होईल हे जवळ उपलब्ध असलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असते. दवाखाना जवळ असेल तर चर्चा उपचाराची होते. जेथे केवळ पोलीस ठाणे जवळ असते, तेथे ती गुन्ह्याचीच होण्याची शक्यता अधिक असते.

५. रंगमंचावरचा वेडा : परंपरेची दुसरी बाजू

आतापर्यंतच्या विवेचनावरून लोकरंगभूमी ही मानसिक आरोग्याची स्वाभाविक मैत्रीण आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो पूर्णतः खरा नाही. व्यावसायिक नाटकात प्रेक्षकांना हसविण्यासाठी जी ठरावीक पात्रे येतात त्यांत वेडसर माणूस, तोतरा आणि झिंगलेला दारुडा यांचा क्रमांक वरचा असतो. मराठी रंगभूमीला हा पेच जुना आहे. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकराची शोकांतिका आणि तळीरामाचा विनोद एकाच कथानकात नांदतात. प्रेक्षक सिंधूसाठी रडतो आणि तळीरामाला टाळ्या देतो. गडकऱ्यांच्या प्रतिभेने हा तोल सांभाळला. सामान्य संहितेत तो ढळतो व हास्य तेवढे उरते. ज्या घरात खरोखर असा रुग्ण आहे ते घर त्या हशाच्या वेळी मान खाली घालून बसलेले असते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. छळाला कंटाळलेल्या नायिकेने विष घेणे किंवा कर्जबाजारी बापाने गळफास घेणे हा कौटुंबिक नाटकातील हुकमी प्रसंग असतो. आत्महत्येचे उदात्त वा तपशीलवार चित्रण झाल्यास असुरक्षित मनांवर त्याचा अनुकरणात्मक परिणाम होऊ शकतो, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये वृत्तपत्रीय बातम्यांच्या आधारे दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे याच विचारावर उभी आहेत. आपल्याकडील गावरंगभूमीपर्यंत हा विचार पोहोचविण्याची जबाबदारी अद्याप कोणी पद्धतशीरपणे उचललेली दिसत नाही. मृत्यूच्या प्रसंगाऐवजी त्या क्षणी शेजारीण दार ठोठावते आणि बोलणे सुरू होते, असा प्रसंग लिहिणेही नाट्यमयच ठरेल.

तिसरी बाब कलावंतांची. हंगामात रात्रीचा प्रयोग, दिवसा प्रवास व अपुरी झोप, तर हंगामानंतर शेतमजुरी वा बेरोजगारी हे अनेकांचे जीवनचक्र असते. मार्च २०२० मधील टाळेबंदीने प्रयोग थांबले आणि पुढील हंगामावरही संकट आले, तेव्हा या असंघटित कलावंतांची असुरक्षितता उघडी पडली. २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटामुळे त्यांच्या जगाकडे शहरी प्रेक्षकांचे थोडेफार लक्ष गेले. प्रेक्षकांच्या मनाचा विचार करताना त्यांना रडविणाऱ्याच्या मनाचा विचार टाळता येणार नाही.

६. आनंदवन : ज्याचे दुखणे त्याचा स्वर

रंगमंचावर दुसऱ्याचे दुखणे उभे करणे आणि ज्याचे दुखणे त्यानेच रंगमंचावर उभे राहणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर ओलांडल्याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाची स्थापना केली, तेव्हा कुष्ठरोगाविषयीची भीती आजच्या मानसिक आजाराविषयीच्या भीतीहून कमी नव्हती. या आजाराचा कलंक केवळ औषधाने गेला नाही. २००२ मध्ये डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात कुष्ठमुक्त, अंध व अपंग कलावंत स्वतः गातात व वाजवितात. प्रेक्षक तिकीट काढून येतो तेव्हा तो दयेने येत नाही, गाणे ऐकण्यास येतो. कलावंत व श्रोता या नात्यात रुग्ण व निरोगी हे नाते विरून जाते. मानसिक आजारातून सावरलेल्या व्यक्तींना, त्यांची तयारी व संमती असल्यास, दंडारीच्या वा भजनाच्या मेळात असे स्थान मिळू शकेल काय, हा प्रश्न आनंदवनाच्या अनुभवाने आपल्यापुढे ठेवला आहे.

७. अन्यत्र झालेले प्रयत्न

महाराष्ट्रात इतरत्रही या दिशेने प्रयत्न झाले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटाने छिन्नमनस्कता या आजाराचे चित्रण केले. त्यांच्याच ‘कासव’ या नैराश्यविषयक चित्रपटाने ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळविले. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून मानसिक आरोग्याला वाहिलेला वार्षिक कलामहोत्सव भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला व आरोग्य यांच्या संबंधाला दुजोरा दिला. हे सर्व प्रयत्न स्वागतार्ह आहेत. मात्र शहरात महोत्सवासाठी प्रेक्षक जमवावा लागतो, तर झाडीपट्टीत तो आधीच जमलेला असतो. शहरात उणीव असते ती एकत्र येण्याची. आपल्याकडे एकत्र आलेल्यांना पुढे कोठे जावे, हे सांगणारे कोणी नसते.

याबरोबरच भाषेची मर्यादा मान्य केली पाहिजे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत मराठी नाटकाची पोहोच तोकडी आहे. तेथे रेला नृत्यगीते, पंडुमाचे उत्सव आणि गोटुलची सामूहिकता हीच संवादाची माध्यमे आहेत. मराठी संहिता माडियात भाषांतरित करून तेथे पाठविणे म्हणजे कानोसा न घेताच बोलणे ठरेल. त्या समाजातील तरुणांनी आपल्या भाषेतील दुःखाचे शब्द स्वतः शोधले पाहिजेत.

निष्कर्ष

१) चंद्रपूर-गडचिरोलीतील मंडई व नाट्यहंगाम ही लोकांनी स्वखर्चाने चालविलेली भावनिक संवादाची जुनी संस्था आहे.
२) या प्रदेशात अवघड विषयांवरील संवाद आजाराच्या नावाने सुरू न होता घराच्या नावाने सुरू झाला. दारू, सासुरवास, कर्ज या वाटांनी मनाचे दुखणे बाहेर आले.
३) तुकडोजी महाराजांची प्रार्थना-बैठक व गडचिरोलीची जत्रा यांच्यामागे ऐकणारी स्थानिक व्यवस्था होती, म्हणून संवाद टिकला. चंद्रपूरच्या दारूबंदीत ही व्यवस्था अपुरी राहिल्याने प्रश्न कायदा व महसूल यांत अडकला.
४) लोकरंगभूमी कलंक पुसते तशी तो गडदही करते. वेड्याचा विनोद व आत्महत्येचे हुकमी प्रसंग यांचा पुनर्विचार आवश्यक आहे.

सूचना

नाट्यलेखक व दिग्दर्शकांसाठी हंगामापूर्वी, पावसाळ्यात, देसाईगंज येथे मानसोपचारतज्ज्ञांच्या सहभागाने लेखन-कार्यशाळा घ्यावी. तिचा उद्देश प्रचारनाट्ये लिहून घेणे हा नसावा. संहितेतील दोन-तीन प्रसंग बदलले तरी पुष्कळ साधेल. ज्या गावी नाटक आहे तेथे दुसऱ्या दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समुपदेशकाने शाळेत वा आरोग्य उपकेंद्रात बसावे. तेथे कोणाचे नाव पुकारले जाऊ नये व मंडपात कोणालाही आपबिती सांगण्यास भाग पाडू नये, कारण लहान गावात एकदा बसलेला शिक्का लवकर पुसत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिकिटाच्या मागील बाजूस छापावा. पुजाऱ्यांना विरोधक न मानता, रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणणारे सहकारी म्हणून त्यांच्याशी बोलणी करावीत.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून दंडार व नाटकांच्या संहितांचे संकलन करावे आणि त्यांतील दुःखाच्या भाषेचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. मराठी, इतिहास, समाजशास्त्र व मानसशास्त्र या विभागांना एकत्र येण्यास हा विषय योग्य आहे. आपल्या स्नेहसंमेलनांतील प्रहसने कोणाला हसतात, याचीही तपासणी प्राध्यापकांनी करावयास हवी.

समारोप

चिमूरच्या खंजिरीपासून गडचिरोलीच्या जत्रेपर्यंत या दोन जिल्ह्यांनी एकत्र जमून बोलण्याचे सामर्थ्य वेळोवेळी सिद्ध केले आहे. मंडईच्या रात्री पहाटेपर्यंत जागणारा समाज मुका नाही. पडदा पडल्यावर तो घराकडे निघतो, तेव्हा त्याच्यातील एखादी सून, एखादा शेतकरी वा आपल्याच वर्गातील एखादा विद्यार्थी काही सांगू पाहत असतो. त्याला त्या सकाळी कोण भेटते, यावर या परंपरेचे पुढील मोल ठरणार आहे. तो विद्यार्थी तासिकेला उशिरा आला तर हजेरीपटावर खूण करण्यापूर्वी रात्री कोणते नाटक पाहिले, एवढे विचारणे आपल्या हाती आहे.